अमेरिकेत संगीत, नाटक, नृत्याच्या पदवीसाठी ऑडिशन : पात्रता, कागदपत्रं आणि तारखा

इंजिनिअरिंगचा प्रवेश असेल तर सल्ला द्यायला घरातच चार जण निघतात. पण मुलगी म्हणाली की मला व्हायोलिनमध्येच पदवी करायची आहे, किंवा मुलाच्या डोक्यात म्युझिकल थिएटर शिरलं, की ओळखीपाळखीतून मिळणारी माहिती तिथेच संपते. आमचंही तसंच झालं. मुलीचं अख्खं सीनिअर इयर, म्हणजे बारावीचं वर्ष, यात गेलं आणि शेवटी माझ्या हाती राहिला तो एक भलामोठा एक्सेलचा तक्ता. पुढची माहिती बरीचशी त्या तक्त्यातली आहे. ती फक्त अमेरिकेतल्या चार वर्षांच्या पदवीपुरती आहे. मास्टर्सचे नियम निराळे.

सगळ्यात आधी हे लक्षात घ्या की इथे एकाच कॉलेजात दोन प्रवेश मिळवावे लागतात. एक विद्यापीठाचा, म्हणजे मार्क, निबंध, शिफारसपत्रं. दुसरा विभागाचा, म्हणजे ऑडिशन. दोघांच्या तारखा वेगळ्या, पोर्टल वेगळी, कधीकधी शुल्कही वेगळं. त्यामुळे ‘विद्यापीठाने घेतलं, पण संगीत विभागाने नाही’ असं पत्र येऊ शकतं. उलटही होतं.

पदवी कोणती?

बॅचलर ऑफ म्युझिक म्हणजे बीएम. यात साधारण दोन तृतीयांश अभ्यासक्रम संगीताचाच असतो. बीएमध्ये संगीत घेतलं तर ते प्रमाण एक तृतीयांशाच्या आसपास, बाकी इतर विषय. नाटक, म्युझिकल थिएटर आणि नृत्यात बीएमच्या जागी बीएफए, म्हणजे बॅचलर ऑफ फाइन आर्ट्स असते. बीएम आणि बीएफएला ऑडिशन जवळपास सगळीकडे लागते. बीएला बऱ्याच ठिकाणी लागत नाही.

‘सोबत कॉम्प्युटर सायन्सही कर’ हे वाक्य तोंडावर आलेलं असेल, तर पाच वर्षांच्या दुहेरी पदव्या बघा. ओबर्लिनची प्रसिद्ध आहे. हार्वर्ड आणि न्यू इंग्लंड कॉन्झर्व्हेटरी (कॉन्झर्व्हेटरी म्हणजे मुख्यतः संगीत शिकवणारी संस्था) यांचीही जोडपदवी आहे, पण तिथे दोन्ही संस्थांत स्वतंत्रपणे प्रवेश मिळवावा लागतो. हे मुलाला हवंय की आपल्याला, हे मात्र अर्ज भरण्याआधी विचारून घ्या.

पात्रता

कागदावरची पात्रता सोपी आहे : हायस्कूल पूर्ण झालेलं किंवा होत असलेलं हवं. एसएटी ही कॉलेजप्रवेशाची परीक्षा बहुतेक ठिकाणी ऐच्छिक आहे. वाद्याची किंवा गाण्याची कुठलीही परीक्षा उत्तीर्ण असण्याची अट सहसा नसते. ट्रिनिटीचा आठवा ग्रेड असो की गांधर्वची विशारद, ती रेझ्युमेत लिहा. पण ऑडिशनला त्याने सूट मिळत नाही.

खरी पात्रता रेपर्टरीत, म्हणजे ऑडिशनला सादर करायच्या रचनांच्या यादीत दडलेली असते. पियानोला बाखचा एखादा प्रील्यूड-फ्यूग, एक क्लासिकल सोनाटा, एक रोमँटिक रचना, बहुधा एक एट्यूडही. व्हायोलिनला कॉन्चेर्टोचा एक भाग, सोलो बाखचे दोन वेगळ्या चालीचे भाग, मोठ्या कॉन्झर्व्हेटरींत वर पागानीनीची कॅप्रिस. हे बरंचसं पाठ हवं. क्लासिकल गायनाला इंग्रजी, इटालियन आणि बऱ्याचदा जर्मन किंवा फ्रेंच गाणं. ही यादी बारावीत पहिल्यांदा वाचणाऱ्याला उशीर झालेला असतो. अकरावीच्या सुरुवातीलाच ती शिक्षकांसमोर ठेवा.

हिंदुस्थानी गाणं किंवा तबला शिकणाऱ्या मुलांचं काय, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेला आहे. बहुतेक कॉन्झर्व्हेटरी पदवीच्या ऑडिशनला पाश्चात्त्य शास्त्रीय किंवा जॅझच ऐकतात. बॉस्टनचं बर्कली कॉलेज ऑफ म्युझिक यात जास्त मोकळं आहे, तिथे कुठल्याही शैलीत ऑडिशन देता येते. कॅलिफोर्नियातल्या कॅलआर्ट्समध्ये तबला-सतार शिकवण्याची जुनी परंपरा आहे. तिसरा मार्ग आर्ट्स सप्लिमेंटचा : मूल दुसऱ्याच विषयाला अर्ज करतंय, पण दहा वर्षांच्या रियाजाची नोंद व्हावी असं वाटतं, तर प्रिन्स्टनसारखी विद्यापीठं अर्जासोबत रेकॉर्डिंग स्वीकारतात. भरतनाट्यमचं, कथकचं रेकॉर्डिंगही चालतं. तो प्रवेश विभागाचा नसतो, फक्त अर्जाला जोड असते.

प्रीस्क्रीन

प्रत्यक्ष ऑडिशनला बोलावण्याआधी अनेक ठिकाणी व्हिडिओ मागवतात. हीच पहिली चाळणी आणि बरीच मुलं इथेच गळतात. व्हिडिओ बहुधा अॅक्सेप्टेड किंवा स्लाइडरूम या पोर्टलवर चढवायचा असतो, आणि त्याची तारीख विद्यापीठाच्या अर्जाच्या तारखेआधीची असू शकते. आमच्या यादीतल्या एका ठिकाणी अर्जाची मुदत जानेवारीत होती, व्हिडिओची नोव्हेंबरमध्ये. तक्त्यात दोन्हीसाठी वेगळे रकाने करा. मी सुरुवातीला एकच केला होता, त्याचं फळ पुढे मिळालं.

रेकॉर्डिंगचे नियम बारीक असतात. प्रत्येक रचनेची वेगळी फाइल, रचनेच्या मध्ये कुठेही एडिटिंग नाही, चेहरा आणि दोन्ही हात दिसले पाहिजेत, कॅमेरा स्थिर. महागडा स्टुडिओ लागत नाही. फोनचा कॅमेरा चालतो, आवाजासाठी मात्र बरा मायक्रोफोन घ्या, कारण फोन मोठा आवाज दाबून टाकतो आणि पियानो डब्यात वाजवल्यासारखा ऐकू येतो. गाणाऱ्यांना साथीदार प्रत्यक्ष हवा की रेकॉर्ड केलेली साथ चालेल, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं.

म्युझिकल थिएटरवाल्यांसाठी एक सोय झाली आहे. बऱ्याच कॉलेजांनी मिळून कॉमन प्रीस्क्रीन ठरवलं आहे, म्हणजे गाण्यांची आणि मोनोलॉगची लांबी, कॅमेऱ्याची चौकट यांचे पर्याय सामायिक. तरी कोणतं कॉलेज त्यातला कोणता पर्याय घेतं ते तपासावंच लागतं. सुरुवातीला नाव आणि रचना सांगतात त्याला स्लेट म्हणतात. त्यात कॉलेजचं नाव घेऊ नका, म्हणजे तोच व्हिडिओ दहा ठिकाणी जातो.

कागदपत्रं

सामायिक अर्ज म्हणजे कॉमन अॅप १ ऑगस्टला उघडतं आणि त्यातून जास्तीत जास्त २० कॉलेजांना अर्ज करता येतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाचं पोर्टल वेगळं, त्याची मुदत नोव्हेंबरअखेरीच्या सुमारास. कॉन्झर्व्हेटरींची पारंपरिक तारीख १ डिसेंबर, पण काही त्याहून लवकर बंद होतात.

लागतं ते असं : नववीपासूनची ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे गुणांची अधिकृत नोंद, जी शाळेकडूनच जायला हवी, निबंध, ज्यात संगीत विभाग बऱ्याचदा आपला एक वेगळा निबंध मागतो, एका पानाचा कलेचा रेझ्युमे, नाटक आणि म्युझिकल थिएटरला हेडशॉट म्हणजे चेहऱ्याचा फोटो, रेपर्टरीची यादी, आणि शिफारसपत्रं, त्यातलं एक तरी वाद्याच्या किंवा गाण्याच्या शिक्षकांचं. भारतातून अर्ज करणाऱ्यांना याशिवाय नववी ते बारावीच्या गुणपत्रिका, पासपोर्टची प्रत, खर्चाची तरतूद दाखवणारी बँकेची कागदपत्रं आणि बऱ्याच ठिकाणी इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल.

शिक्षकांचं शिफारसपत्र हा सगळ्यात कच्चा दुवा. शाळेतल्या शिक्षकांना त्या पोर्टलची सवय असते. घरी येऊन शिकवणाऱ्या सत्तरीतल्या बाईंना नसते. आमच्या बाईंना आलेला ईमेल स्पॅममध्ये जाऊन बसला होता आणि आम्हाला ते मुदतीच्या आदल्या रात्री कळलं. तक्त्यात अर्ज आणि व्हिडिओच्या तारखांना एकच रकाना असल्यामुळे शिफारसपत्राची ही मुदत माझ्या नजरेतून सुटली होती. लिंक पाठवली की दुसऱ्या दिवशी फोन करून ती उघडली का ते विचारा. त्यात संकोच नको.

अर्ली डिसिजन, म्हणजे एकाच कॉलेजला मुदतीआधी करायचा अर्ज, त्याबद्दल सावध. तो अर्ज बांधील असतो : प्रवेश मिळाला तर बाकीचे अर्ज मागे घ्यावे लागतात, दुसरीकडची स्कॉलरशिप किती मिळाली असती हे कधीच कळत नाही.

ऑडिशनचा मोसम

जानेवारीअखेरपासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत शनिवार-रविवार त्यातच जातात. नाटक आणि म्युझिकल थिएटरला युनिफाइड्स नावाची सोय आहे : न्यूयॉर्क, शिकागो, लॉस एंजेलिससारख्या शहरांत अनेक कॉलेजं एकाच ठिकाणी ऑडिशन घेतात. संगीताला सहसा कॉलेजातच जावं लागतं, आणि त्याचा एक फायदा असा की त्याच फेरीत शिक्षकाकडे एक ट्रायल लेसन घेता येतो. पुढची चार वर्षं दर आठवड्याला याच माणसासमोर बसायचं असतं, तेव्हा तो तास चुकवू नका. आधी ईमेलने वेळ मागायची. तो ईमेल मुलानेच लिहायचा, आपण नव्हे.

वाद्य घेऊन विमानात बसायचं तर अमेरिकेत २०१५ पासून नियम आहे : चढताना वरच्या कप्प्यात जागा असेल तर व्हायोलिनसारखं लहान वाद्य केबिनमध्ये नेऊ द्यावंच लागतं. म्हणून लवकर चढता येईल असं बघा. चेलोला वेगळं तिकीट काढावं लागतं.

खोलीत मूल दहा-पंधरा मिनिटं असतं. परीक्षक मध्येच थांबवतात. ते वाईट लक्षण नाही, त्यांना पुढचं ऐकायचं असतं. साइट-रीडिंग (न पाहिलेलं नोटेशन तिथल्या तिथे वाजवणं किंवा गाणं) किंवा थिअरीची चाचणी असू शकते. आई-बाबांनी बाहेर बसायचं आणि दार उघडल्यावर ‘कसं झालं?’ एवढंही विचारायचं नाही. मला हे तिसऱ्या ऑडिशनला जमलं.

पैसे आणि व्हिसा

सरकारी मदतीचा फाफ्सा फॉर्म नागरिक आणि ग्रीनकार्डधारकांसाठी आहे. एच-४ वरच्या, म्हणजे एच-१बी वर काम करणाऱ्या पालकांच्या आश्रित व्हिसावरच्या मुलांना ती मदत मिळत नाही. कॉलेजच्या स्वतःच्या मदतीसाठी अनेक खासगी संस्था सीएसएस प्रोफाइल हा कुटुंबाच्या उत्पन्नाचा वेगळा फॉर्म मागतात, आणि ऑडिशनवर आधारित टॅलेंट स्कॉलरशिप एच-४ किंवा एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) असतानाही मिळू शकते. फिलाडेल्फियाच्या कर्टिसमध्ये १९२८ पासून कुणाकडूनच ट्यूशन फी घेत नाहीत. जागा अर्थातच हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या.

एच-४ वर शिकता येतं, पण २१ वर्षं पूर्ण झाली की तो दर्जा संपतो, म्हणजे पदवीच्या मध्यावरच. त्याआधी एफ-१ ची तयारी हवी. भारतातून येणाऱ्यांना कॉलेजकडून आय-२० हा व्हिसासाठीचा प्रवेशाचा दाखला मिळाल्यावर ३५० डॉलरचं सेव्हिस (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीचं) शुल्क भरावं लागतं, मग व्हिसाची मुलाखत.

निकाल

उत्तरं मार्चमध्ये यायला लागतात, १ एप्रिलपर्यंत बहुतेक येतात. नकाराचं कारण कुणी सांगत नाही. बऱ्याचदा ते वाजवण्यात नसतंच : कॉलेजच्या ऑर्केस्ट्राला ओबो दोनच लागतात आणि दोघंही अजून दुसऱ्या वर्षात असतात. त्या वर्षी किती जागा रिकाम्या होणार आहेत, हे ऑगस्टमध्येच विभागाला विचारता येतं. आम्ही विचारलं तेव्हा दोन ठिकाणांनी सरळ आकडा सांगितला, आणि त्यातलं एक नाव आम्ही यादीतून काढून टाकलं.

होकार कळवून डिपॉझिट भरण्याची नेहमीची तारीख १ मे. त्याआधी स्कॉलरशिप वाढवून मागता येते. दुसऱ्या कॉलेजचं पत्र जोडून, सभ्य शब्दांत. एका ठिकाणी डिपॉझिट भरलं की त्याच दिवशी बाकीच्या जागा लेखी सोडा. एका शिक्षकाच्या स्टुडिओत, म्हणजे त्याच्याकडे शिकणाऱ्या मुलांच्या गटात, एखादीच जागा असते आणि वेटलिस्टवरचं कुणाचं तरी मूल तुमच्या त्या ईमेलची वाट बघत असतं.