फोर्कलिफ्टचं ऑथरायझेशन कार्ड: पात्रता, कागदपत्रं, चाचणी आणि सगळ्यांना अडवणारा आगीचा भाग

"साहेब, माझ्याकडे लायसन्स आहे, मग परत अर्ज कशाला?" सेफ्टी विभागात येणारा पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो. रस्त्यावरचं लायसन्स वेगळं आणि कारखान्याच्या आवारात फोर्कलिफ्ट चालवायची लेखी परवानगी वेगळी. ही परवानगी, म्हणजे ऑथरायझेशन कार्ड, कंपनी स्वतः देते. ते त्या आवारापुरतं आणि त्या प्रकारच्या गाडीपुरतंच असतं. काउंटरबॅलन्स गाडीचं (मागे वजन असलेल्या नेहमीच्या फोर्कलिफ्टचं) कार्ड घेऊन रीच ट्रकवर (अरुंद रांगांत उंच रॅकपर्यंत पोचणाऱ्या गाडीवर) बसता येत नाही, आणि एका कारखान्याचं कार्ड दुसऱ्याच्या गेटवर दाखवून उपयोग नाही. ट्रेनिंग संस्थेचं सर्टिफिकेट अर्जाला जोडायचं असतं. त्यालाच परवानगी समजू नका.

फॉर्मचं नाव कंपनीगणिक बदलतं, क्रम साधारण सारखाच असतो.

अर्ज कोण करू शकतो

वय 18 पूर्ण हवं. अमेरिकेत शेतीबाहेरच्या कामांत 18 वर्षांखालच्यांना फोर्कलिफ्ट चालवायला कायद्यानेच बंदी आहे. नजर चांगली हवी, चष्मा असला तर तो लावून. हॉर्न आणि अलार्म ऐकू यायला हवेत. मानेचं दुखणं मात्र अर्जदार हमखास लपवतात. मोठा माल पुढे असला की समोरचं दिसत नाही, अशा वेळी गाडी रिव्हर्समध्ये न्यावी लागते आणि मान पूर्ण मागे वळावी लागते. झोप आणणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना तसं सांगा. शिक्षणाची अट फारशी कुठे नसते, पण गाडीवरची पाटी आणि भिंतीवरच्या सूचना वाचता आल्याच पाहिजेत. कंत्राटी कामगारालाही हेच सगळं लागू, सूट नाही.

कागदपत्रं

भरलेला अर्ज, वयाचा पुरावा, फोटो, वैद्यकीय फिटनेस, ट्रेनिंगचं सर्टिफिकेट आणि सुपरवायझरची शिफारस. अर्ज परत येतो तो बहुधा दोन कारणांनी: फिटनेस जुना असतो, किंवा सर्टिफिकेटवर नुसतं 'फोर्कलिफ्ट' लिहिलेलं असतं, गाडीचा प्रकार नसतो. संस्थेकडून तो आधीच लिहून घ्या. आणि सुपरवायझरची सही ही शिफारस आहे, हजेरी नव्हे. माणसाला गाडी चालवताना न बघता सही ठोकणारे सुपरवायझर मी पाहिलेत. उद्या अपघात झाला की पहिली फाईल तीच उघडली जाते.

चाचणी

लेखी परीक्षा सोपी असते. प्रात्यक्षिकात खरी गंमत. परीक्षक आधी तुम्हाला डेटा प्लेटपाशी, म्हणजे गाडीची क्षमता लिहिलेल्या पाटीपाशी, उभं करतो आणि विचारतो, ही गाडी किती उचलेल? "दोन टन" एवढं उत्तर पुरत नाही. प्लेटवर 2000 किलोच्या शेजारी 500 मिमी असं लिहिलेलं असतं. म्हणजे मालाचा गुरुत्वमध्य फोर्कच्या (माल उचलणाऱ्या दोन लोखंडी दातांच्या) उभ्या पाठीपासून 500 मिमीवर असेल तेव्हाच ते 2000 किलो. पॅलेट लांब असली, माल पुढे सरकलेला असला किंवा पुढे एखादं अटॅचमेंट (माल पकडायचं जोडसाधन) लावलेलं असलं, की क्षमता कमी होते. उंची वाढली तरी बहुतेक वेळा कमीच होते. हे स्वतःच्या शब्दांत सांगता आलं की परीक्षकाचा चेहरा सैल पडतो.

मग गाडीभोवती फेरी: टायर, फोर्कच्या टाचेला तडा, साखळी, तेलाची गळती, ब्रेक, हॉर्न, सीट बेल्ट. चालवताना फोर्क जमिनीपासून थोडेच वर, मास्ट (फोर्क वर-खाली नेणारा उभा सांगाडा) मागे कललेला. भरलेल्या गाडीने उतार उतरताना माल चढाच्या बाजूलाच राहिला पाहिजे, म्हणजे रिव्हर्समध्येच उतरायचं. एक प्रश्न ठरलेला असतो: गाडी उलटायला लागली तर? बसून चालवायच्या गाडीतून उडी मारायची नाही. बेल्ट लावलेला, स्टीअरिंग घट्ट धरलेलं, पाय रोवलेले आणि अंग पडण्याच्या उलट बाजूला. उडी मारणारा माणूस बऱ्याचदा छताच्या पिंजऱ्याखालीच सापडतो.

आगीचा भाग

चांगले चालवणारेही इथे अडकतात, कारण आग म्हणजे फायर टीमचं काम असं त्यांना वाटतं. आपल्याच गाडीचं इंधन काय आहे, तिथून सुरुवात होते.

बॅटरीची गाडी असेल तर लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते. हवेत त्याचं प्रमाण 4 टक्क्यांवर गेलं की ठिणगी पुरे. म्हणून चार्जिंगची जागा हवेशीर, बॅटरीचं झाकण उघडं, आणि आधी चार्जर बंद, मगच प्लग काढायचा. हा क्रम उलटा सांगणारे दर बॅचला दोन-तीन निघतात. एलपीजीवर चालणारी गाडी असेल तर वेगळी काळजी. तो गॅस हवेपेक्षा जड, त्यामुळे खड्ड्यात, गटारात जाऊन बसतो. आडव्या बसवायच्या सिलेंडरच्या कॉलरला भोक असतं आणि गाडीच्या ब्रॅकेटला पिन. पिन भोकात बसली की सेफ्टी व्हॉल्व्ह वरच्या बाजूला येतो. पिन सोडून कसाही बांधलेला सिलेंडर दिसला की चाचणी तिथेच संपते. डिझेल भरताना इंजिन बंद, हे सांगायला लागू नये.

दुसरा मुद्दा पार्किंगचा. गोदामात एक्स्टिंग्विशर, हायड्रंट आणि इमर्जन्सी दारासमोर पॅलेट आणून ठेवणारा कोण? आपणच. "पाच मिनिटांत उचलतो" म्हणून ठेवलेली पॅलेट शिफ्ट संपेपर्यंत तिथेच असते. वर बघायचीही सवय हवी. स्प्रिंकलरच्या (आग लागल्यावर छतातून पाणी फवारणाऱ्या तोटीच्या) खाली साधारण 45 सेंमी जागा मोकळी राहिली पाहिजे, आणि उंच मास्टचा धक्का लागून स्प्रिंकलर फुटला तर पाण्याने माल भिजतोच, शिवाय दुरुस्ती होईपर्यंत त्या भागाचं संरक्षणही जातं.

शेवटी एक्स्टिंग्विशर हातात देतात. पिन ओढायची, नोझल आगीच्या बुडाशी, दांडा दाबायचा, डावी-उजवीकडे फिरवत न्यायचं. त्याआधी प्रेशर गेजचा काटा हिरव्यात आहे का, ते बघितलं तर वेगळा गुण. आणि गाडीलाच आग लागली तर पहिली गोष्ट विझवणं नाही: जमलं तर फोर्क खाली, किल्ली बंद, उतरायचं, अलार्म द्यायचा.

कार्ड मिळाल्यावर

कार्डावर नाव, फोटो, गाडीचा प्रकार आणि मुदत असते. अमेरिकेच्या 'ओशा' या सरकारी संस्थेच्या नियमानुसार दर तीन वर्षांनी तरी चालकाचं पुन्हा मूल्यमापन व्हावं लागतं. अपघात झाला, थोडक्यात बचावलात, बेफिकिरीने चालवताना दिसलात, गाडीचा प्रकार बदलला किंवा आवाराची रचना बदलली, तर तीन वर्षं थांबत नाहीत, आधीच रिफ्रेशर, म्हणजे उजळणीचं ट्रेनिंग. नापास झालात तर नेमकं कशात, ते लेखी मागा. पुढच्या वेळी तेवढ्याच भागाची तयारी करून पुन्हा अर्ज करता येतो, आणि तोवर "जरा ती पॅलेट सरकवून दे" असं कोणीही सांगितलं तरी किल्लीला हात लावायचा नाही.