जुन्या अमेरिकेत सगळे पिस्तूल लावून फिरायचे? नाही हो

अमेरिकेत लपवून पिस्तूल बाळगू द्यावं का यावर वाद निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, पूर्वी तिकडे पश्चिमेला प्रत्येकाच्या कमरेला पिस्तूल असायचं आणि कुणी अडवायचं नाही. हे चुकीचंय. अ‍ॅरिझोनातलं टूम्बस्टोन घ्या, एप्रिल १८८१ मध्ये तिथे नियमच झाला की गावात आलात की हत्यार हॉटेलात नाहीतर तबेल्यात जमा करायचं, जाताना परत न्यायचं. आणि याच गावातली ओके कोरलची ती प्रसिद्ध चकमक, २६ ऑक्टोबर १८८१, तिघं मेले, सगळं जेमतेम ३० सेकंदात, ती पेटली कशावरून तर मार्शल (गावचा पोलीसप्रमुख) व्हर्जिल अर्प नियम मोडणाऱ्यांची हत्यारं काढून घ्यायला गेला म्हणून! (जुनं वैर होतंच, पण निमित्त हे.) लपवून बाळगण्यावर तर केंटकी आणि लुइझियाना या राज्यांनी १८१३ लाच बंदी घातली होती.

पोलीस पोचेपर्यंत एकटी बाई काय करणार, हा पिस्तूल बाळगू द्यावं म्हणणाऱ्यांचा मुद्दा मला खरंच वजनदार वाटतो, आणि साधं भांडण पिस्तुलामुळे जिवावर बेततं हा विरोधातला पण. २०२२ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने घराबाहेर पिस्तूल बाळगणं हक्क मानला आणि बंदुकीचे कायदे जुन्या परंपरेत बसतात का ते बघा असं सांगितलं, म्हणून हा इतिहास नीट सांगायला हवा.