पिम्स

जिन या दारूमध्ये वनस्पतींचे अर्क आणि फळांचा कडू-गोड स्वाद उतरवून केलेले तांबूस तपकिरी इंग्लिश मद्य. लेमोनेड, बर्फ व फळे घालून त्यापासून होणारे उन्हाळी पेयही याच नावाने ओळखले जाते. पूर्ण नाव ‘पिम्स नंबर १ कप’. बाटलीतले मद्य सहसा नुसते पीत नाहीत. ते अर्धवट ठेवलेले पेय आहे, आणि पुरे करण्याचे काम यजमानाचे. पिम्सची खरी गंमत इथेच आहे.

त्याचा जन्म मात्र बागेतला नव्हे, कालवांच्या (ऑयस्टर या शिंपल्यांच्या) खानावळीतला. केंट परगण्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा जेम्स पिम याची लंडनमध्ये बँक ऑफ इंग्लंडजवळ अशी खानावळ होती. कालवे तेव्हा लंडनमध्ये स्वस्त आणि सर्रास खाल्ली जात. ती पचावीत म्हणून पिम गिऱ्हाइकांना औषधी वनस्पती घातलेली जिन छोट्या कानाच्या पेल्यातून देई. ‘नंबर १ कप’ हे नाव त्या पेल्यावरून पडले, असे सांगतात. आरंभाचे वर्ष कुठे १८२३ तर कुठे १८४० दिले जाते. मोठ्या प्रमाणावरचे उत्पादन १८५१ मध्ये सुरू झाले. १८६५ मध्ये पिमने नावासह धंदा विकला आणि १८८० मध्ये तो होरेशियो डेव्हिस यांच्याकडे आला. हे पुढे लंडनचे लॉर्ड मेयर झाले. आज मालकी डियाजिओ कंपनीकडे असून कृती गुप्त ठेवलेली आहे.

करायची रीत सोपी, पण निगुतीची. उंच जग बर्फाने भरावा. एक भाग पिम्सला तीन भाग लेमोनेड घ्यावे. ब्रिटनमध्ये लेमोनेड म्हणजे घरचे लिंबू सरबत नव्हे, तर बाटलीतले गोड, फसफसणारे पेय. ते चांगले गार असावे आणि शेवटी, जगाच्या कडेने हळूच ओतावे, म्हणजे फेस उडून जात नाही. संत्र्याच्या चकत्या, अर्ध्या केलेल्या स्ट्रॉबेरी, सालासकट काकडीचे पातळ काप आणि पुदिना. पुदिना कुटू नये. तळहातावर एकदा थोपटला की वास सुटतो, कुटला तर कडवटपणा उतरतो. पूर्वी काकडीच्या जागी बोरेज या निळ्या फुलांच्या वनस्पतीची पाने व फुले घालत. बोरेजच्या पानांना काकडीसारखाच स्वाद असतो, त्यामुळे ही अदलाबदल पेयाला मानवली. फळे कमी पडली तर चालेल, काकडी वगळू नये. गोडव्याला आवर तीच घालते.

बाटलीतल्या पिम्समध्ये अल्कोहोलचे प्रमाण परंपरेने २५ टक्के. वरच्या प्रमाणात पेयात ते सहा टक्क्यांच्या आसपास उरते, म्हणजे जरा कडक बिअरइतके. गोड चवीमुळे ते जाणवत नाही, म्हणून भर उन्हात सरबतासारखे घटाघटा पिणे धोक्याचे.

ब्रिटिश स्ट्रॉबेरीचा बहर जून-जुलैमधला, आणि विम्बल्डन टेनिस, हेन्लीच्या नौकाशर्यती याच दिवसांतल्या. त्यामुळे पिम्सची या समारंभांशी गाठ पडली, ती पक्की झाली. विम्बल्डनमध्ये १९७१ पासून पिम्सचे स्वतंत्र विक्रीस्थान आहे. आपल्याकडे हा मेळ बसत नाही, कारण उन्हाळा तापेपर्यंत महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचा हंगाम सरत आलेला असतो.

नंबर १ च्या जोडीला स्कॉच, ब्रँडी, रम, राय व्हिस्की आणि व्होडका यांवर आधारलेले नंबर २ ते ६ असे प्रकारही निघाले. बहुतेक बंद पडले. ब्रँडीवरचा नंबर ३ मसाले आणि संत्र्याची साल घालून हिवाळी पेय म्हणून पुन्हा आणला गेला. लेमोनेडऐवजी शँपेन घातली तर त्याला ‘रॉयल’ म्हणतात. अमेरिकेत अनेकदा जिंजर एल हे आल्याच्या स्वादाचे फसफसणारे पेय घालतात. न्यू ऑर्लिन्समधल्या ‘नेपोलियन हाऊस’ या जुन्या मद्यालयाची तर पिम्स कप हीच ओळख झाली आहे. तिथे फळांचा पसारा नसतो, पेल्याच्या कडेला काकडीचा काप तेवढा असतो.