पार्श्वभूमी : रुग्णालयातला सेफ्टी ऑफिसर कचऱ्याच्या दारातून आला

दोनशे-तीनशे खाटांच्या खासगी रुग्णालयात आज ‘सेफ्टी ऑफिसर’ नावाचे पद बहुधा असतेच. त्याचे मूळ कामगार कायद्यात शोधायला गेलो तर मात्र हाती फारसे काही लागत नाही. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ४०-ब मध्ये सेफ्टी ऑफिसर होता, पण तो मुख्यतः हजार किंवा त्याहून जास्त कामगारांच्या कारखान्यासाठी. रुग्णालय कारखान्यात मोडत नाही. (त्याच कायद्यात ‘धुणे, स्वच्छ करणे’ ही उत्पादन प्रक्रिया धरली होती. त्यामुळे रुग्णालयाची मोठी लाँड्री कारखाना ठरू शकते का, असा प्रश्न काढता येतो. वॉर्डाबाबत तो काढताच येत नाही.) २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने हजाराचा आकडा खाली आणला : साध्या कारखान्यासाठी ५००, धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यासाठी आणि बांधकामासाठी २५०, खाणीसाठी १००. या यादीतही रुग्णालय नाही.

म्हणून या पदावर येणारी माणसे वेगवेगळ्या वाटांनी येतात. कोणी औद्योगिक सुरक्षेची पदविका घेऊन केमिकल कंपनीत वर्षे काढलेला असतो, कोणी संसर्ग नियंत्रणाची सिस्टर, कोणी अग्निशमनातून निवृत्त झालेला. कारखान्यातल्या डॉक्टरांसाठी एएफआयएच हा औद्योगिक आरोग्याचा तीन महिन्यांचा अभ्यासक्रम आहे. तो केलेला डॉक्टर रुग्णालयात सापडला तर नशीब.

जुना काळ थोडक्यात आटोपता येतो. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत, ‘अ’ भागात, आरोग्यसेवेच्या व प्रयोगशाळेच्या कामातून जडणारे संसर्गजन्य आजार होते, आणि ‘अ’ भागासाठी किमान नोकरीची अट नव्हती. ‘ब’ भागाला सहा महिन्यांची होती. उलट कारखाने अधिनियमातल्या कळवणे बंधनकारक असलेल्या रोगांच्या यादीत शिसे, सिलिकोसिस, ॲस्बेस्टॉसिस सापडत, सुईतून झालेला हिपॅटायटिस बी सापडत नसे. म्हणजे भरपाई मागायला एक दरवाजा होता, पण आजार मोजायला कोणी बसलेले नव्हते. आणि न मोजलेल्या आजाराची भरपाई सहसा कोणी मागत नाही.

‘रुग्णालय हा उद्योग आहे का’ या वादाने मधली बरीच वर्षे खाल्ली. मुंबईतल्या सरकारी रुग्णालय समूहातल्या वॉर्ड-सेवकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्ये ‘हो’ म्हटले. १९७० मध्ये दिल्लीच्या प्रकरणात ‘नाही’, १९७८ मध्ये सात न्यायाधीशांनी पुन्हा ‘हो’. १९८२ मध्ये संसदेने दुरुस्ती करून रुग्णालये व्याख्येबाहेर काढली, पण ती दुरुस्ती कधी अमलातच आणली गेली नाही. हा सारा वाद नोकरीचा आणि पगाराचा होता. सुई, वायू, पाठ, रात्रपाळी यांचा त्यात उल्लेख नाही.

अपवाद एकच, किरणोत्साराचा. १९७१ चे नियम, नंतर २००४ चे, यांमुळे क्ष-किरण आणि कॅथलॅबमध्ये टीएलडी बॅज (अंगावर पडलेला किरणोत्सार मोजणारा बिल्ला), नोकरीपूर्व तपासणी आणि नियामकाने मान्यता दिलेला रेडिओलॉजिकल सेफ्टी ऑफिसर आला. कर्मचाऱ्याच्या डोसची मर्यादा पाच वर्षांत १०० मिलिसिव्हर्ट, एका वर्षात जास्तीत जास्त ३०. बॅज छातीच्या उंचीवर आणि लेड ॲप्रनच्या आत लावायचा असतो. प्रत्यक्षात तो पुष्कळदा ॲप्रनलाच अडकवलेला राहतो आणि ॲप्रन खोलीतल्या खुंटीवर. मग तिमाही अहवालात जो डोस येतो तो खुंटीचा. पण निदान मोजमाप तरी होते. बाकीच्या रुग्णालयाला या शिस्तीचा वाराही लागला नाही.

बदलाची सुरुवात भीतीने झाली. भारतात एचआयव्हीचे पहिले रुग्ण १९८६ मध्ये सापडले. ‘युनिव्हर्सल प्रिकॉशन्स’ (प्रत्येकाचे रक्त बाधित समजून घ्यायची काळजी) हा शब्द तेव्हापासून वॉर्डात रुळला, तो अजून गेलेला नाही. १९९६ नंतर जगात त्याला ‘स्टँडर्ड प्रिकॉशन्स’ म्हणू लागले, आपल्या २०१७ च्या एचआयव्ही कायद्यात मात्र जुनाच शब्द आहे. पण भीतीतून नियम आले ते कर्मचाऱ्यासाठी नाही, कचऱ्यासाठी. जुलै १९९८ मध्ये जैव वैद्यकीय कचऱ्याचे नियम पर्यावरण कायद्याखाली निघाले. तपासायला येणार प्रदूषणवाले, आणि त्यांचा प्रश्न एकच : रुग्णालयाच्या फाटकाबाहेर काय जाते?

इथे सुईचा निर्णय नीट पाहायला हवा, कारण पुढची सगळी गुंतागुंत त्यातून झाली आहे.

१९९८ च्या अनुसूचीत धारदार वस्तू हा चौथा प्रवर्ग होता. त्यासाठी निर्जंतुकीकरण आणि शिवाय ‘मोडतोड किंवा तुकडे’ असे लिहिले होते, आणि मोडतोड अशी हवी की परवानगीशिवाय पुनर्वापर होऊ नये, अशी तळटीप होती. हेतू स्पष्ट होता. वापरलेल्या सिरिंज धुऊन पुन्हा पाकिटात भरल्या जात होत्या, आणि कचरा वेचणारी पोरे त्या उघड्या हातांनी गोळा करत होती. तेव्हा सुई वापरल्या जागीच निकामी करा, असे ठरले आणि प्रत्येक वॉर्डात ‘निडल कटर’ बसला.

नेमके याच्या उलट अमेरिकेत १९९१ च्या रक्तजन्य संसर्ग मानकाने ठरवले होते : दूषित सुई कापायला किंवा मोडायला बंदी. सुई लागलेली सिरिंज अख्खी जशीच्या तशी जाड डब्यात टाकायची. म्हणजे जी कृती तिथे नियमभंग, तीच इथे नियमपालन. दोन्हीकडे कारणे खरी आहेत. अख्ख्या सिरिंजने डबा भराभर भरतो, डबा महाग पडतो, आणि आपल्याकडे डब्याबाहेरची साखळी कुठे फुटेल सांगता येत नाही. पण कापण्याची किंमत कोण मोजते, हा प्रश्न १९९८ मध्ये विचारलाच गेला नाही. बाहेरच्या माणसाला वाचवण्यासाठी आतल्या सिस्टरच्या हातात, रक्ताने माखलेल्या सुईसोबत, आणखी एक काम दिले गेले.

त्यात ‘निडल कटर’ हा शब्दच फसवा. या एका नावाखाली तीन वेगळी यंत्रे विकली जातात. हब कटर सिरिंजचा प्लास्टिकचा गळा कापतो, सुई मुळासकट डब्यात पडते, हातात राहणाऱ्या भागाला टोक नसते. लसीकरणात हाच वापरतात. दुसरा टिप कटर धातूची सुई कापतो. कापताना थेंब उडू शकतो आणि सिरिंजवर काही मिलिमीटरचा धारदार खुंट उरतो. तो सुईइतकाच टोचतो, शिवाय दिसत नाही. तिसरा बर्नर विजेवर सुई जाळतो. ठिणगी पडते, धूर येतो, खुंट यातही उरतो, आणि खाटेशेजारी ऑक्सिजन चालू असेल तर तो तिथे नेताच येत नाही. खरेदी विभागाच्या मागणीपत्रात नुसते ‘निडल कटर, ४० नग’ असते आणि येतो तो सर्वांत स्वस्त. या तिघांत वॉर्डासाठी घेण्यासारखा हब कटर एकटाच, असे आमचे मत आहे.

यंत्र कुठलेही असो, ते बहुतेक वेळा नर्सिंग स्टेशनवर असते. इंजेक्शन चौदा नंबरच्या खाटेवर दिले जाते. मधले वीस पावलांचे अंतर सिस्टर उघडी सुई किडनी ट्रेमध्ये घेऊन चालते. वाटेत कोणी हाक मारते, ती वळते. हे टाळायला ती टोपण परत लावते, आणि टोपण धरलेल्या डाव्या हाताच्या बोटाला किंवा अंगठ्याला सुई लागते. ‘टोपण लावू नका’ हे पोस्टर भिंतीवर असते, पण कारण भिंतीवर नसून त्या वीस पावलांत आहे. उपाय म्हणजे कटर आणि धारदार वस्तूंचा पांढरा डबा ट्रॉलीवर ठेवून खाटेपर्यंत नेणे. टोपण लावावेच लागले तर ते ट्रेमध्ये आडवे ठेवून एकाच हाताने सुईने उचलायचे. डबा तीन-चतुर्थांश भरला की बंद. दाबून जागा करायची नाही, दुसऱ्या डब्यात ओतायचा नाही. अजून काही ठिकाणी जुन्या सवयीने डब्यात हायपोक्लोराइट (ब्लीचचे पाणी) ओततात. डबा कलला की तेच पाणी वॉर्डबॉय मामांच्या पायावर येते.

मार्च २०१६ मध्ये नवे नियम आले. रंगांची मांडणी सोपी झाली, पण सुईचा गुंता सुटला नाही. पांढऱ्या रकान्यात ‘टिप कटर किंवा बर्नरमधल्या सुया’ असे लिहिले आहे. म्हणजे तिघांतला बरा तो हब कटर नावानिशी तिथे नाहीच. प्लास्टिकच्या कचऱ्याच्या लाल पिशवीत सिरिंज सुईशिवाय जायला हवी. त्याच ओळीत ‘सुया कापलेले व्हॅक्युटेनर’ आहेत. व्हॅक्युटेनर ही रक्त गोळा करायची नळी, सुई असते होल्डरला, तेव्हा कापायचे काय, हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक. दुसरीकडे चिकटलेल्या सुईची सिरिंज, उदाहरणार्थ इन्सुलिनची, अख्खीच पांढऱ्या डब्यात टाकायची मुभा नियमातच आहे. तरी अनेक वॉर्डांत ती कापत बसतात. सलाइनच्या कॅन्युलाचे स्टायलेट (आतली सुई) आतून पोकळ, रक्ताने भरलेले आणि सर्वांत जोखमीचे. ते कापण्याच्या भानगडीत न पडता थेट डब्यात जायला हवे.

२०१६ च्या नियमांनी कर्मचाऱ्याला बरेच काही दिले, हेही खरे. कचरा हाताळणाऱ्या सर्वांना हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस, रुजू होताना आणि दरवर्षी प्रशिक्षण, दरवर्षी आरोग्य तपासणी. पण त्याच नियमांत ‘मोठा अपघात’ याची व्याख्या आहे. कचऱ्याचा ट्रक उलटणे, कचरा पाण्यात जाणे हे त्यात येते. सुई टोचणे आणि पारा सांडणे मात्र नाव घेऊन वगळले आहे. तर्क असा की लोकसमूहाला धोका नाही. त्यामुळे रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांना नेहमी होणारा हा अपघात प्राधिकरणाकडे मोठा अपघात म्हणून कधीच जात नाही. तो पोचतो फार तर वार्षिक अहवालात, तेही रुग्णालयाच्या नोंदवहीत लिहिला तर.

लिहिण्याची घाई का, ते आकड्यांवरून कळते. लस न घेतलेल्याला बाधित रक्ताच्या सुईतून हिपॅटायटिस बी होण्याची शक्यता ६ ते ३० टक्के, एचआयव्हीची साधारण ०.३ टक्के. जखम साबण-पाण्याने धुवायची. पिळायची नाही, ब्लीच लावायचे नाही. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधे शक्यतो दोन तासांत, फार तर ७२ तासांत सुरू करायची आणि २८ दिवस घ्यायची. रात्री तीनला टोचलेली सुई सकाळच्या राउंडनंतर कळवली की दोन तास केव्हाच गेलेले असतात, म्हणून पहिल्या डोसचे पाकीट कॅज्युअल्टीत ठेवायचे असते, फार्मसीच्या कुलपात नाही. लशीचे वेळापत्रक ०, १ आणि ६ महिने, आणि शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी टायटर (रक्तातल्या प्रतिपिंडांची पातळी) १० किंवा वर आहे का ते पाहायचे. कंत्राटी मावशींचे इथेच बिनसते. तिसऱ्या डोसच्या आधी कंत्राटदार बदलतो, नव्याकडे जुने कार्ड नसते, आणि पुन्हा शून्यापासून सुरुवात होते. बादलीत, चादरीत, काळ्या पिशवीत दुसऱ्याने टाकलेली सुई लागते ती बहुतेक त्यांनाच.

काम कचऱ्याच्या नियमांनी आणले, पण पद म्हणून ‘सेफ्टी ऑफिसर’ आला तो २००५ नंतरच्या, रुग्णालयांच्या दर्जाच्या (एनएबीएच) मानांकनामुळे. सुरक्षा समिती, धोक्यांची यादी, कोड रेड-ब्लू-पिंकच्या (आग, हृदय थांबणे, बाळ पळवणे) रंगीत तालमी, हे सारे तिथले. मानांकन ऐच्छिक असल्याने पदही तितकेच. तपासणीच्या आधी तीन महिने त्याच्या टेबलाला मान असतो.

२०२० नंतर हे टेबल भरून वाहू लागले. कोविडमध्ये एन-९५ वाटले, पण चेहऱ्यावर बसतो का याची फिट टेस्ट थोड्याच ठिकाणी झाली. हवेचा हिशेब तेव्हा पहिल्यांदा वॉर्डात पोचला : ५ बाय ४ मीटर, ३ मीटर उंचीची खोली म्हणजे ६० घनमीटर, तासाला १२ वेळा हवा बदलायची तर ७२० घनमीटर. क्षयरोगासाठी हाच हिशेब कितीतरी आधीपासून उपलब्ध होता. जानेवारी २०२१ मध्ये भंडाऱ्यात नवजात कक्षाला आग लागून दहा बालके दगावली, एप्रिलमध्ये नाशिकची ऑक्सिजन गळती आणि विरारची आग झाली. त्यानंतर ‘सेफ्टी’ म्हणजे फायर ऑडिट असाच अर्थ रूढ झाला. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयातल्या डॉक्टरवरील बलात्कार-खुनाच्या घटनेनंतर तो ‘सिक्युरिटी’कडे सरकला : कॅमेरे, पास, मारहाण झाल्यास सहा तासांत संस्थेने तक्रार नोंदवावी हा केंद्राचा आदेश. महाराष्ट्रात अशा हल्ल्यांसाठी तीन वर्षांपर्यंत कैदेचा कायदा २०१० पासून आहेच. एकाच माणसाकडे आता सिलिंडर, कॅमेरे आणि मॉक ड्रिल आहेत. सुईची नोंदवही संसर्ग नियंत्रणाच्या सिस्टरकडे, टीएलडीची रेडिओलॉजीकडे, लशीची कार्डे एचआरकडे. रुग्ण उचलून सिस्टर-मावशींची पाठ गेली तर तिची नोंदवही कोणाकडेच नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा संहिता लागू झाली. दहा किंवा जास्त कामगारांची आस्थापना तिच्या कक्षेत येते, म्हणजे रुग्णालयही. नियुक्तीपत्र आणि ठरवलेल्या वयाच्या किंवा वर्गाच्या कर्मचाऱ्यांची मोफत वार्षिक तपासणी मालकावर आली. सुरक्षा समिती सरकार आदेश काढून कोणत्याही वर्गाच्या आस्थापनेला लावू शकते. सेफ्टी ऑफिसरचे कलम मात्र कारखाना, बांधकाम आणि खाण यांच्यापुरतेच आहे, आणि रुग्णालयात त्या नावाने नेमणूक होते ती अजून मानांकनाच्या यादीतला एक रकाना भरायला.