हाय प्लेन्स ड्रिफ्टर

सूडकथेला भुताटकीची जोड देणारा अमेरिकन वेस्टर्न, म्हणजे अमेरिकेच्या पश्चिमेत वस्ती होत असतानाच्या काळावर बेतलेला, चित्रपट (१९७३). क्लिंट ईस्टवूड यांनी दिग्दर्शित केलेला हा पहिला वेस्टर्नपट असून नायकही तेच आहेत. पटकथा अर्नेस्ट टायडीमन यांची, तर छायालेखन ब्रूस सर्टीस यांचे आहे.

तळ्याकाठच्या लागो या खाणगावात एक निनावी भटका घोडेस्वार येतो. गावाची खाण सरकारी जमिनीवर आहे हे उघडकीस आणू पाहणाऱ्या मार्शल (कायदा राखणारा अधिकारी) जिम डंकनला भाडोत्री गुंडांनी भररस्त्यात आसुडाने फोडून मारलेले असते आणि सारा गाव अंधारात उभा राहून ते बघत राहिलेला असतो. तेच गुंड तुरुंगातून सुटून येणार म्हटल्यावर भेदरलेले गावकरी या परक्याला संरक्षणासाठी नेमतात व मागेल ते फुकट देण्याचे कबूल करतात. तो मॉर्डेकाय या सर्वांनी हिणवलेल्या ठेंगण्या माणसाला शेरीफ (गावाचा पोलीस प्रमुख) आणि महापौर करतो, चर्चसकट अख्खे गाव लाल रंगवून घेतो, वेशीवरच्या पाटीवर गावाच्या नावाऐवजी ‘नरक’ असे लिहितो आणि गुंड दिसू लागताच गावकऱ्यांना वाऱ्यावर सोडून निघून जातो. रात्री गाव पेटल्यावर तो परततो तो आसूड घेऊनच. सूड मारेकऱ्यांवर आहे, तसाच बघ्यांवरही.

हा परका कोण, हे चित्रपट उघड सांगत नाही. मूळ पटकथेत तो मार्शलचा भाऊ होता. ईस्टवूड यांनी हे नाते वगळले आणि त्यामुळेच कथेला खरी धार आली. डंकनची भूमिका ईस्टवूड यांचे स्टंटमन बडी व्हॅन हॉर्न यांनी केली असल्याने स्वप्नदृश्यांत दोघांचे चेहरे एकमेकांत मिसळल्यासारखे वाटतात. बेवारस पुरलेल्या मेलेल्याला शांती मिळत नाही, असे एक पात्र बोलून जाते. शेवटी मॉर्डेकाय डंकनच्या थडग्यावर नाव कोरत असतो.

आल्या आल्या हा परका एका स्त्रीवर बलात्कार करतो. तो प्रसंग ज्या सहजतेने दाखवला आहे ती आक्षेपार्ह आहे, आणि सूडाच्या निकडीने त्या सहजतेचे समर्थन होत नाही.

चित्रीकरणासाठी कॅलिफोर्नियातील मोनो या खाऱ्या सरोवराकाठी पूर्ण गाव उभारण्यात आले. दर्शनी भिंतींचा देखावा न करता आतूनही वापरता येतील अशी घरे बांधल्यामुळे अंतर्भागांचे चित्रणही तिथेच झाले.

पश्चिमेत वस्ती करणाऱ्या अमेरिकनांचे हे खरे चित्र नव्हे, अशी नाराजी वेस्टर्नपटांचे प्रसिद्ध नायक जॉन वेन यांनी ईस्टवूड यांना पत्राने कळवली होती. पुढे ‘पेल रायडर’मध्ये (१९८५) ईस्टवूड यांनी असाच मृत्यूपलीकडून आल्यासारखा घोडेस्वार साकारला, मात्र तो बलाढ्य खाणमालकाविरुद्ध गरीब सोनेशोधकांच्या बाजूने उभा राहतो.