उरलेल्या प्लायची एअरबोट आणि घनमुळाची गोची

परवा ग्रुपवर एक व्हिडिओ आला. प्लायच्या फळीवर मोटर, मोटरला पंखा, आणि पुढे नाकावर अजून एक बारका पंखा. तो म्हणे वाऱ्याने फिरतो आणि बॅटरी चार्ज करतो, त्यामुळे होडी आयुष्यभर फुकट चालते. खाली टाळ्यांचा पाऊस. तर त्या पुढच्या पंख्याचं काय करायचं ते आधीच सांगून टाकतो, उपटून फेकून द्या. तो जेवढी वीज परत देणार त्याच्यापेक्षा जास्त वीज त्याने अडवलेल्या वाऱ्याशी झगडण्यात मागची मोटर खाणार. भोंदूबाबाने भगव्याऐवजी सर्किट बोर्ड घातलं की लोकांना विज्ञान वाटतं, त्यातला प्रकार. पण बाकीची होडी मात्र शंभर टक्के खरी आहे, चालते, मी स्वतः बनवलीय उरल्यासुरल्या सामानातून, आणि ती बनवताना प्रोपेलरबद्दल जे कळलं ते इतकं भारी आहे की आज त्यावरच लिहिणार.

एअरबोट म्हणजे सपाट तळाची होडी, पाण्याखाली काहीच फिरत नाही, मागे पिंजऱ्यात विमानासारखा प्रोपेलर आणि त्याच्या मागे सुकाणूच्या उभ्या पट्ट्या. १९०५ मध्ये कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियात अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल (हो, टेलिफोनवालाच) आणि त्याच्या टीमने अशी पहिली बोट केली, ती पण फिरायला नाही, तर विमानाचे प्रोपेलर पाण्यावर तपासायला. नाव ठेवलं होतं 'अग्ली डकलिंग', म्हणजे कुरूप बदक. पुढे फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्स दलदलीत या बोटी रुळल्या, कारण तिथे घोटाभर पाणी आणि सगळीकडे गवत, नेहमीचा पाण्यातला प्रोपेलर दोन मिनिटांत गुंडाळला जातो.

आता मुख्य मुद्दा. बऱ्याच जणांना वाटतं की पंखा मागे हवा सोडतो, ती मागच्या हवेवर आपटते आणि तिला रेटून होडी पुढे जाते. तसं नाहीये. मागे आपटायला काही असायची गरजच नाही. हा गैरसमज इतका चिवट आहे की १९२० मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने अग्रलेखात रॉकेटवर काम करणाऱ्या अमेरिकन शास्त्रज्ञ गोडार्डची टिंगल केली होती, की निर्वात पोकळीत रॉकेट कशाला रेटणार, आणि दुरुस्ती छापली ती १७ जुलै १९६९ ला, अपोलो ११ चंद्राकडे निघाल्यावर! रेटा मिळतो तो हवेला वेग देताना, पात्यावरच. पातं हवेला मागे ढकलतं, हवा पात्याला पुढे ढकलते, न्यूटनचा तिसरा नियम, शाळेत झालाय.

दर सेकंदाला किती किलो हवा फेकली गुणिले तिला किती वेग दिला, म्हणजे रेटा. इथपर्यंत सोपं. गंमत पुढे आहे. समजा तुम्ही तराफ्यावर उभे आहात आणि दगड मागे फेकून पुढे जायचंय. १ किलोचा दगड सेकंदाला १० मीटर वेगाने फेकला तर संवेग १०, आणि ऊर्जा खर्च झाली ५० ज्यूल, कारण ऊर्जेत वेगाचा वर्ग येतो. आता १० किलोचा धोंडा सेकंदाला फक्त १ मीटरने ढकलून दिला. संवेग परत १०, तराफ्याला धक्का तेवढाच, पण ऊर्जा लागली फक्त ५ ज्यूल. दहावा हिस्सा! म्हणजे थोडी हवा जोरात फेकण्यापेक्षा भरपूर हवा हळू फेकणं केव्हाही स्वस्त. हेलिकॉप्टरचं पातं एवढं अवाढव्य का असतं याचं उत्तर पण हेच.

आता जरा गणित, ज्यांना नको त्यांनी दोन परिच्छेद उडी मारा, मी मात्र राहवत नाही म्हणून लिहितोच. होडी जागेवर बांधून ठेवली असताना, आदर्श प्रोपेलरच्या रेट्याचा घन = २ × हवेची घनता × प्रोपेलरने फिरताना व्यापलेल्या वर्तुळाचं क्षेत्रफळ × पॉवरचा वर्ग. घनता साधारण १.२ किलो प्रति घनमीटर. माझा पहिला प्रोपेलर ६ इंची म्हणजे १५ सेंमी व्यासाचा, क्षेत्रफळ ०.०१७७ चौरस मीटर. मोटर शाफ्टवर ५० वॅट देत होती, पण बारका प्रोपेलर आदर्श नसतो, त्यातले निम्मे वॅट घोळ घालण्यात जातात असं धरा, राहिले २५. सगळं घालून घनमूळ काढलं की उत्तर येतं ३ न्यूटन, म्हणजे ३०० ग्रॅम वजनाएवढा रेटा. खरं की खोटं बघायला मोटर उलटी करून वजनकाट्यावर घट्ट बसवली, हवा वर फेकायला लावली की काटा खाली दाबला जातो. आकडा थरथरत होता पण २८० ते २९० च्या मधे. घनमुळावर माझा तेव्हापासून विश्वास बसला.

आता त्या सूत्राकडे परत बघा. पॉवर दुप्पट केली तर आतला वर्ग चौपट होतो आणि चारचं घनमूळ १.५९, म्हणजे दुप्पट वीज जाळून रेटा वाढला फक्त ५९ टक्के. आणि व्यास दुप्पट केला तर? क्षेत्रफळ चौपट, घनमूळ परत १.५९. तेच फळ! मोटर दुप्पट ताकदीची आणा नाहीतर पंखा दुप्पट रुंद करा, रेटा सारखाच वाढतो, फरक एवढाच की दुसऱ्यात बॅटरी जास्त खर्च होत नाही. मला हे कळलं त्या रात्री झोप लागली नाही. म्हणून 'पॉवरफुल मोटर कुठली घेऊ' हा प्रश्नच मला अर्धवट वाटतो. कॉम्प्युटरचा १२ सेंमीचा कूलिंग फॅन लावून बघणारे पण असतात, त्याचा रेटा जेमतेम दहा ग्रॅमच्या आसपास भरतो, बादलीत कागदी होडी हलेल, बाहेर झुळूक आली की उलटी जाईल.

तर सूत्र वाचून शहाणा झालेल्या माणसाने (म्हणजे मी) काय केलं, तीच मोटर ठेवून त्यावर थेट ९ इंची प्रोपेलर चढवला. अर्ध्या मिनिटात वास आला, तांब्याच्या तारेवरचं इनॅमल तापल्याचा तो गोडसर जळका वास, ज्याने मोटर जाळलीय त्याला सांगायला नको. कारण असं की त्याच आरपीएमला (म्हणजे मिनिटाला तेवढ्याच फेऱ्यांना) प्रोपेलर फिरवायला लागणारी पॉवर व्यासाच्या पाचव्या घाताने वाढते. दीडपट व्यास म्हणजे १.५ चा पाचवा घात, साडेसात पट लोड. मोटर बिचारी काय करणार. मात्र आरपीएमच्या बाबतीत पॉवर तिसऱ्या घाताने पडते, म्हणजे फेरे निम्मे केले तर लोड एक अष्टमांश होतो आणि हिशोब परत जवळजवळ जागेवर येतो. थोडक्यात, मोठा पंखा हवा असेल तर तो हळू फिरवा. मोठ्या एअरबोटींवर गाडीचं इंजिन बसवतात तेव्हा मधे फेरे कमी करणारा गिअरबॉक्स टाकतात तो याचसाठी, शिवाय पात्याचं टोक आवाजाच्या वेगाजवळ गेलं की ते हवा फेकण्याऐवजी नुसतं बोंबलत बसतं.

माझ्याकडे गिअरबॉक्स कुठला, पण मेलेला प्रिंटर होता. त्यातला दात्यांचा पट्टा आणि दोन पुल्या काढल्या, मोठीचे दाते छोटीच्या दुप्पट. मोटर १२,००० आरपीएम, प्रोपेलर ६,०००. सूत्राप्रमाणे ३९० ग्रॅम यायला हवे होते, काट्यावर ३६० आले, बाकीचे पट्ट्याने खाल्ले. पण वीज तेवढीच, आणि आवाज किंचाळण्याऐवजी नुसता घोंगावण्यावर आला.

हे सगळं वाचून वाटेल एअरबोट म्हणजे फार कार्यक्षम प्रकार. अजिबात नाही! पाणी हवेच्या आठशे पटीहून जास्त दाट. तेच २५ वॅट ३ सेंमीच्या चिमुकल्या प्रोपेलरने पाण्यात घातले तर रेटा साडेनऊ न्यूटन, माझ्या ६ इंचीच्या तिप्पट. एअरबोट ही गवत, गाळ, घोटाभर पाणी यांची किंमत वीज मोजून चुकवणं आहे. जिथे ही अडचण नाही तिथे साधा पाण्यातला प्रोपेलर लावा, हुशारी करू नका.

आता होडी. फळी ६० बाय २५ सेंमी, ३ मिमी प्लायची, कुठल्याशा कपाटाची उरलेली, खाली पॅकिंगचा थर्माकोल, नाक वर उचललेलं. सगळं मिळून वजन ८०० ग्रॅम, म्हणजे होडी बुडते जेमतेम अर्धा सेंटीमीटर. लाकूड हलकं असतं म्हणून तरंगतं असं आपण म्हणतो, पण लाकडाच्या पेशींची भिंत पाण्याच्या दीडपट जड असते, तरंगतं ते आत कोंडलेल्या हवेमुळे, त्यामुळे पाणी आत शिरू न देणं हाच सगळा खेळ. पाणी शिरतं ते फळीच्या सपाट बाजूंतून कमी आणि कापलेल्या कडांतून जास्त, तिथे लाकडातल्या नळ्यांची तोंडं उघडी असतात. माझ्या पहिल्या फळीच्या कडांना मी वॉर्निश लावायचा कंटाळा केला, आणि साधा प्लाय, त्याचा गोंद पाण्याचा नाही, दुसऱ्या दिवशी कोपरा वहीच्या पानांसारखा उलगडला. वॉटरप्रूफ प्लायचा तुकडा मिळाला तर सोनं, नाहीतर कडांना इपॉक्सीचे दोन हात. थर्माकोल चिकटवायला सॉल्व्हंटचा गोंद वापरू नका, तो थर्माकोल खातो.

पिंजरा आधी, मग मोटरला वायर. ९ इंची पात्याचं टोक ६,००० आरपीएमला ताशी अडीचशे किमीच्या वर असतं, बोट मधे आलं तर विषय संपला. बॅटरी जुन्या ड्रोनची ३ सेलची होती, फुगलेली असेल तर हात लावू नका.

पहिल्यांदा पाण्यात सोडली, रिमोटवरून थ्रॉटल दिला (म्हणजे मोटरचा वेग वाढवला), आणि होडीने सरळ नाक खुपसलं. डोक्यावरून पाणी. इथे मोठ्या पंख्याने सूड घेतला. रेटा लागतोय फळीच्या १३ सेंमी वर आणि पाण्याची ओढ खाली, म्हणजे कोणीतरी होडीचं मुंडकं धरून पुढे वाकवतंय. ३६० ग्रॅमचा रेटा गुणिले १३ सेंमी, भागिले ८०० ग्रॅम, उत्तर जवळजवळ ६ सेंमी. गुरुत्वमध्य तेवढा मागे न्यायला लागला. बॅटरी मागे सरकवली, मोटर तर मागेच होती, नाकावर ठेवलेला रिमोटचा रिसिव्हर पण मागे नेला. मग नाक सुटलं, आणि साधारण ताशी साडेतीन किमीच्या पुढे, जिथे होडी स्वतःच्याच लाटेच्या चढावर अडकते, ती लाट ओलांडून पाण्यावर आडवी होऊन घसरायला लागली. ते बघायला खरंच मजा येते.

वळवायचं म्हटलं तर सुकाणू हवेत आहे, पाण्यात नाही. थ्रॉटल सोडला की हवा बंद, हवा बंद की सुकाणू म्हणजे नुसता पुठ्ठा. काठ जवळ आला की माणूस घाबरून थ्रॉटल सोडतो आणि होडी गपचूप सरळ जाऊन धडकते, वळायला गॅस द्यावा लागतो हे बोटांना शिकायला चार धडका लागल्या. ब्रेक नाही, रिव्हर्स नाही.

आणि तरी ती कायम थोडी एका बाजूला कलायची. प्रोपेलर एकीकडे फिरतो तर होडी दुसरीकडे पिळली जाते, आणि हळू फिरणाऱ्या मोठ्या पंख्याचा पीळ जास्त, फेरे निम्मे म्हणजे त्याच पॉवरला टॉर्क (म्हणजे हा पीळ) दुप्पट. हिशोब केला तर गुरुत्वमध्य बाजूला न्यायचा फक्त १ सेंमी. बॅटरीखाली वेल्क्रो आहे, तिला मागे आणि उचललेल्या बाजूला सरकवत सरकवत सरळ चालली तिथे फळीवर पेन्सिलने चौकोन काढून ठेवलाय, शेजारी आधीचे पाच खोडलेले चौकोन अजून दिसतात.