बिझनेस लॉजिक कंट्रोलरमध्ये? छे!

एमव्हीसी (मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर) म्हणजे सॉफ्टवेअरचं काम तीन भागांत वाटण्याची रचना. ‘एमव्हीसीत मॉडेल म्हणजे डेटाबेसचं टेबल, व्ह्यू म्हणजे स्क्रीन, बाकी सगळं लॉजिक कंट्रोलरमध्ये’ हे क्लासपासून इंटरव्ह्यूपर्यंत सर्रास ऐकू येतं. साफ चूक. त्रिग्वे रीन्सकाउग यांनी झेरॉक्स कंपनीच्या ‘पार्क’ या संशोधन केंद्रात १९७९ साली ही रचना मांडली, तेव्हा वेब जन्मालाही आलं नव्हतं. स्मॉलटॉक या तेव्हाच्या प्रोग्रामिंग भाषेतल्या कंट्रोलरचं काम माउस-कीबोर्ड सांभाळणं. विषयाची जाण आणि नियम, म्हणजेच बिझनेस लॉजिक, मॉडेलकडे.

‘५,००० रुपयांवर १० टक्के सूट’ हा नियम वेबच्या कंट्रोलरमध्ये कोंबला, की रात्री आपोआप बिलं काढणाऱ्या प्रोग्रामला (बिलिंग जॉबला) तो मिळत नाही. मग कॉपी-पेस्ट. पुढे सूट १२ टक्के होते आणि एक जागा हमखास बदलायची राहते (ती कुठली, हे ग्राहकच सांगतो!). ब्राउझर किंवा सर्व्हर न उघडता त्या नियमाची टेस्ट चालत नसेल, तर तो चुकीच्या घरी राहतोय.